नाव खरवडलेला खटका

२ सप्टेंबर १९७४, सोमवार
मु. कनेरगाव नाका

पूर्णेहून पॅसेंजरनं निघालो. हिंगोलीला उतरलो तेव्हा अमृतकाका फलाटावर उभेच होते. लांबूनच "जयभीम, पायलटसाहेब" म्हणाले आणि माझ्या हातातली ट्रंक ओढून घेतली. मला लाजल्यासारखं झालं. ज्यांनी माझा फ्लाइंग क्लबचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला, त्यांनी माझी ट्रंक उचलायची? पण ऐकतील तर काका कसले.

काका आणि बाबा पूर्णेच्या लोको शेडमध्ये एकाच पाळीला होते. काका पुढे विमानदलात मेकॅनिक झाले. बाबा शेडमध्येच राहिले आणि मी अकरावीत असताना गेले. त्यानंतर आमच्या घरात मोठं माणूस म्हणजे काकाच. आई आजही कुठलीही गोष्ट अमृतरावांना विचारल्याशिवाय करत नाही. आता ते या फवारणी कंपनीच्या कामावर ग्राउंड इंजिनियर आहेत, म्हणजे जमिनीवरचा सगळा कारभार त्यांचाच. पायलटची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा पुढे जाऊ दिलं नाही, असं हिंगोलीपासून जीपमध्ये सांगत आले.

नाक्यापासून दोन मैलांवर गायरानात मुरूम टाकून धावपट्टी केली आहे. कडेला तीन तंबू, एक पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये माझं विमान. पिवळं, एका माणसाचं, नाक वर केलेलं, शेपूट जमिनीला टेकलेलं. पंखांखाली फवाऱ्याच्या तोट्यांची रांग. कापसावर बोंडअळी आहे. इथून कळमनुरीपर्यंतची शिवारं फवारायची आहेत.

जवळच्या तांड्यावरचे प्रेमसिंग निशाणवाल्यांचे मुकादम आहेत. त्यांचे लोक बांबूला पांढरं फडकं लावून शेताच्या दोन टोकांना उभे राहतात, त्या रेषेत मी उडायचं. संध्याकाळी त्यांच्या घरून भाकरी आणि अंबाडीची भाजी आली. आमच्या घरचं चालंल का, असं जरा चाचरतच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, काहून नाही चालणार. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आईला पत्र लिहिलं. लिहिलं की काळजी करू नको, काका आहेत.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज उडणं नाही. दिवसभर कॉकपिटमध्ये बसून ओळख करून घेतली. फ्लाइंग क्लबातल्या आमच्या मास्तरांची रीत अशी, की डोळे मिटून बसायचं आणि ते म्हणतील त्या खटक्यावर बोट ठेवायचं. चुकलं की खाली उतरून विमानाभोवती दहा फेऱ्या. आज मी स्वतःच म्हणत गेलो आणि बोट ठेवत गेलो. इंजिनाचा दांडा, इंधनाची चावी, तेलाच्या दाबाचा काटा, फवारा सोडायची मूठ. सगळं जिथल्या तिथं.

एक खटका मात्र जास्तीचा निघाला. डाव्या गुडघ्याजवळ, काटे बसवलेल्या फळीच्या खालच्या अंगाला, पितळी, बोटाच्या पेराएवढा. बाकी प्रत्येक खटक्याखाली नावाची पट्टी आहे. याच्याखालची पट्टी कानशीनं घासून काढली आहे. घासल्याची चमक अजून ताजी आहे. खटका वर केलेला होता.

काकांना विचारलं. त्यांनी वाकूनही पाहिलं नाही. म्हणाले, विमान जुनं आहे, तीन मालकांच्या हातून आलंय, कुणीतरी कधी दिवा बसवला असेल त्याचा तो खटका. आता त्याला काही जोडलेलं नाही. पण वर आहे तो वरच राहू दे.

जोडलेलं नाही तर वर काय नि खाली काय, असं मनात आलं होतं. पण पहिल्याच दिवशी किती शहाणपणा करायचा.

५ सप्टेंबर, गुरुवार

काल आणि आज मिळून एकवीस फेऱ्या झाल्या. पहाटे वारा पडलेला असताना उडायचं, ऊन चढलं की थांबायचं. कापसाच्या शेंड्यांवरून सात-आठ फुटांवर उडायला फार आवडतं. बांधावर बाया-माणसं गोळा होतात. जवळा बाजारकडून बैलगाडी जुंपून चार म्हातारे आले होते. विमानात आपल्यातलं पोरगं हाये म्हणे, असं विचारत होते. काकांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. एकानं माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले.

उडायच्या आधी आणि उतरल्यावर काका मला तंबूत बसवतात. बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकून बुबुळं बघतात, हात पुढे करून बोटं फाकवायला सांगतात, झोप कशी लागली, जेवण गेलं का, सगळं विचारतात. विमानदलातली सवय आहे म्हणाले. बाबा गेल्यापासून कुणी मला रोज असं विचारलं नव्हतं.

९ सप्टेंबर, सोमवार

डोकं दुखतं. पिंडऱ्या चावल्यासारख्या होतात. उन्हाचं असेल.

आज एक विचित्र गोष्ट झाली. सातच्या सुमारास सगळं शिवार अंधारून आलं. मला वाटलं आभाळ भरलं, म्हणून फेरी अर्धी टाकून उतरलो. खाली सगळे चकित. आभाळ स्वच्छ होतं. काकांनी बुबुळं पाहिली आणि औषधाचा वास डोक्यात गेला असेल म्हणाले. इथं कीटकनाशकाला सगळे औषधच म्हणतात. साखर घातलेलं लिंबूपाणी त्यांनी स्वतः करून दिलं.

दुपारी प्रेमसिंग शेडमागे आले. माझ्या आधीच्या पायलटबद्दल, गोपीचंद म्हणून होते, त्यांच्याबद्दल बोलत राहिले. त्यांनाही असंच दिवसा दिसेनासं झालं होतं. मग विमानातून उतरले की कारण नसताना रडायचे. एक दिवस उतरले ते सरळ ज्वारीत चालत गेले. सापडले तेव्हा तोंडाला फेस होता. अमृतरावांनीच त्यांना जीपमध्ये घालून वाशिमला नेलं, आणि ते परत आले नाहीत. तांड्यावर लोक म्हणतात त्या विमानात कोणी बसलेलं आहे. "तुमी एकटे नसता साहेब वर," असं ते म्हणाले. ते घाबरवत नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

काकांनी मला सांगितलं होतं की गोपीचंदला मुंबईला चांगली नोकरी मिळाली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय.

वर असताना मला श्वास ऐकू येतो. इंजिनाच्या आवाजाखालून. शीळ घातल्यासारखा, बारीक, ओला. मी मान वळवून मागं पाहिलं. मागं पाहायला जागाच नाही, पाठीला पत्रा आहे. तरी पाहिलं. वळण चुकलं आणि चाक निशाणवाल्याच्या फडक्याला घासून गेलं. माणूस आडवा झाला म्हणून वाचला.

काकांना सगळं सांगितलं, श्वासाचंसुद्धा. ते हसले नाहीत. किती वाजता सुरू झाला, किती वेळ ऐकू आला, एवढं नीट विचारून घेतलं. मग माझ्या छातीला कान लावून बसले, लहान लेकराला लावावा तसा.

मला बरं वाटलं. रडूही आलं. कशाचं ते कळलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज मी खटका खाली केला.

कारण असं काही नाही. गेले आठ दिवस विमानातली प्रत्येक गोष्ट मला संशयाची वाटते. भूत असेल तर ते कुठल्या तरी खटक्यानं बंद होईल असं वाटण्याइतका मी खुळावलोय. उडायच्या आधी बोट लावलं आणि खाली केला. काही झालं नाही. इंजिन तसंच, काटे तसेच.

तेरा फेऱ्या मारल्या. श्वास ऐकू आला नाही. अंधारलं नाही. शेवटच्या फेरीला मला निशाणवाल्याच्या मुंडाशाचा रंगसुद्धा दिसला.

उतरल्यावर आनंदानं काकांना सांगितलं की आज एकदम बरा आहे. त्यांनी बुबुळं पाहिली. पुन्हा पाहिली. बोटं फाकवायला लावली. मग विचारलं, खालच्या खटक्याला हात लावलास का.

मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा काकांशी खोटं बोललो. का, ते मलाच माहीत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

खटका वर आहे. बारीक तारेनं फळीला बांधलाय, गाठीवर शिशाची मोहर दाबलीय. काका म्हणाले वरून तपासणी व्हायची आहे, काहीही हललेलं दिसायला नको.

सहा फेऱ्या. श्वास परत आलाय. उलटी झाली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्रीपासून पाऊस आहे, म्हणून उडणं नव्हतं. काका औषधाची पिंपं आणायला नांदेडला गेले होते. शेडचं दार आतून लावलं आणि बसायची गादी काढून खटक्याची तार धरून मागं मागं गेलो.

तार तुटलेली नाही. ती गादीखाली जाते. तिथं मुठीएवढा पंप आहे, नवा. त्याच्याशेजारी चपटा पत्र्याचा डबा, झाकण मेणानं बंद केलेलं. डब्यातून रबरी नळी निघते आणि पायलटच्या तोंडावर वारा यायची जी भोकाची नळी असते तिच्यात शिरते.

डब्यातलं बोटाला लावून वास घेतला. लसणीसारखा. फवारायच्या औषधाचाच, पण त्याच्यापेक्षा दाट.

म्हणजे तो श्वास माझाच होता. माझीच छाती वाजत होती. गोपीचंदचीही अशीच वाजली असेल.

कुणीतरी हे मुद्दाम केलंय. कंपनीतल्या कुणीतरी, विमान इथं पाठवायच्या आधी. आणि काकांना माहीत नाही. काका रोज त्याच्या शेजारून फिरतात आणि त्यांना माहीत नाही. ते आले की आधी हे त्यांना दाखवणार.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दाखवलं. काकांनी वाकून गादीखालच्या भोकात पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, कुणाजवळ बोलू नकोस, वरपर्यंत कळवतो, आपल्या पोराला कोणी असं करत असेल तर मी सोडणार नाही. माझ्यादेखत पंप उपटला, डबा काढला, खटक्याची तार कापली. डबा लांब नेऊन पुरला.

संध्याकाळी त्यांनी मला नवा मुखवटा दिला. रबरी, पुढं जाड कापूस भरलेला. म्हणाले, आता हा लावल्याशिवाय वर जायचं नाही, वाऱ्यानं उडालेलं औषधसुद्धा नाकात जाणार नाही.

आज फार दिवसांनी नीट जेवलो. काका नसते तर माझं काय झालं असतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

बरं नाही. मुखवटा असूनही. डबा काढला तरी. शरीरात मुरलेलं बाहेर पडायला वेळ लागतो असं काका म्हणतात.

डावी पापणी सारखी उडते. तोंडाला सारखं पाणी सुटतं. बोलताना शर्टावर सांडतं. कंदील पूर्ण मोठा केला तरी ओळी दिसत नाहीत, मोठ्या अक्षरात लिहितोय.

प्रेमसिंग म्हणाले, वर जाऊ नका साहेब. मी म्हटलं काकांनी सगळं नीट केलंय आता.

२५ सप्टेंबर

उतरलो तेव्हा पाय हलेनात. दोघांनी काढलं. हाताची बोटं आपोआप —

काकांनी भरवलं. तोंड पुसलं.

२६ सप्टेंबर

जमेल तसं लिहितो. हे लिहायलाच हवं.

काका विहिरीवर आंघोळीला गेले होते. डोकं फुटत होतं म्हणून गोळीसाठी त्यांच्या तंबूत गेलो. औषधांच्या पेटीत तळाशी वही होती. काकांचंच अक्षर. माझ्या अर्जावरचं.

रकाने पाडलेत. बुबुळ. लाळ. बोटं. छाती. रोजची तारीख. पहिली पानं गोपीचंदची, पण नाव नाही, वर नुसतं पहिला. माझ्या पानांवर दुसरा. एकतीस दिवस पहिल्याचे. मग रेघ. माझे तेवीस झालेत.

सोळा तारखेला लिहिलंय — लक्षणं नाहीत, खटका खाली केला असावा, खोटं बोलला.

वीस तारखेला — कळलं. माझ्यावर संशय नाही. डबा काढून दाखवला. आता मुखवट्याच्या कापसात.

काका आले. वही माझ्या मांडीवर पाहिली. टॉवेल दोरीवर वाळत घातला, चारी टोकं सरळ करून. मग खाटेवर माझ्याजवळ बसले. चिडले नाहीत. म्हणाले, औषध बनवणाऱ्यांना जाणून घ्यायचंय, माणूस किती सोसून विमान चालवू शकतो. उद्या सगळ्या देशात अशी विमानं उडतील, शेकडो पोरं बसतील, कुणावर तरी हे पाहावं लागणारच. मी विचारलं, पण मीच का. जीभ जड झाली होती, दोनदा विचारावं लागलं.

ते म्हणाले, "परक्यानं मला रोज डोळे दाखवले नसते, रामजी."

आणि माझं मनगट धरून नाडी मोजायला लागले. मी हात काढून घेतला नाही. सवयीनं तसाच दिला होता. याची मला सगळ्यात जास्त —

आईला काय सांगितलं असेल त्यांनी. आई त्यांना ताट वाढते.

जीपची किल्ली त्यांच्या कमरेला आहे. आता उडायचं नाही म्हणाले, नुसतं पडून राहायचं. दंडात सुई टोचली. कशाची ते सांगितलं नाही. वहीत वेळ लिहिली.

२७ सप्टेंबर सकाळ

काका टेलिफोनला गेले. प्रेमसिंग आले. मी त्यांचे पाय धरले. बोलता येत नाही — जीभ तोंडात मावत नाही. रस्त्याकडे हात केला. त्यांना कळलं. गाडी जुंपली, कडब्यावर निजवलं, वरून घोंगडी. त्यांची बायको रूपाबाई सोबत आली. डोक्याखाली मांडी दिली.

माझी ही वही पोटाशी धरून आहे.

नाका. ढाब्यामागं निंबाखाली ठेवलंय मला. हिंगोलीची एसटी यायची आहे. सरकारी दवाखाना. प्रेमसिंग म्हणतात येईलच आता. छाती वाजते. रूपाबाई वारा घालतात, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटतात.

लिहिलेलं प्रेमसिंगना दाखवलं. त्यांनी वही उलटी धरली. मग हळूच परत दिली. वाचता येत नाही म्हणाले. रूपाबाईंनाही नाही. ढाब्यावर कोणी — हात केला, ढाबा बंद.

मातीत बोटानं जीप काढली. जीपवर फुली मारली. प्रेमसिंग मान हलवतात. समजलं म्हणतात. समजलं.

एसटी नाही. उजेड कमी होत चाललाय, दुपार आहे तरी.

प्रेमसिंग म्हणाले, घाबरू नका साहेब. मी मघाच माणूस धाडला अमृतराव साहेबांकडं. जीप लवकर नेईल, एसटीचं काय खरं. तेच तुमच्या घरचे ना इथं.

नाही म्हणून मान — मान हलत नाही, नुसती थरथरते. त्यांना वाटतं थंडी. स्वतःचा कोट घातला माझ्यावर.

जीपचा आवाज. प्रेमसिंग रस्त्यावर जाऊन मुंडासं हलवतात. हसतात. रूपाबाई माझं तोंड पुसून, केस सारखे करतात, घरचं माणूस आलं म्हणून

काका आले. बसले जवळ. प्रेमसिंगना म्हणाले, लई उपकार केले मुकादम. डोळ्यांत पाणी आहे काकांच्या. खरं पाणी.

वही बघितली त्यांनी. हात पुढं केला. म्हणतात, दमलास रे, दे इकडं, पुढचं मी लि